दारातला टोमॅटो : बियाण्यापासून रोपापर्यंत

2023 च्या पावसाळ्यात टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा दारात चार झाडं असती तर, असं बऱ्याच घरांत बोललं गेलं. चार झाडांना खर्च फारसा नाही. चूक होते ती बियाण्यात.

बाजारातला टोमॅटो चिरून बी टाकलं तर उगवतं, पण तो बहुधा संकरित असतो. पुढच्या खेपेला फळ तसंच येईल याची खात्री नाही. म्हणून पुसा रूबी किंवा राहुरी विद्यापीठाचं धनश्री असं सरळ वाण घ्या. त्याचं बी दरवर्षी घरीच धरता येतं. चांगल्या झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, गर दोन दिवस भांड्यात आंबू द्या (वास येतो, येऊ द्या), मग बी चोळून धुवा आणि सावलीत वाळवा.

फुटका डबाही चालतो, फक्त बुडाला भोकं हवीत. माती, चाळलेलं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू. बी अर्धा सेंटीमीटर खोल. आठवडाभरात कोंब दिसतो आणि इथंच माणसं पाणी पाजून रोपं मारतात. माती सतत ओली राहिली की रोप बुडाशी सडून कोलमडतं. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी द्या.

25 ते 30 दिवसांनी, ऊन उतरल्यावर, दीड-दोन फुटांवर रोपं लावा. खोड थोडं खोल गाडा, त्याला मुळं फुटतात. पुढे पानं वर वळून आकसली, झाड खुजं राहिलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ. त्याला औषध नाही. जीव लागला असला तरी झाड उपटा, नाहीतर शेजारच्यालाही लागतो.