स्वभावाची प्रश्नपत्रिका

स्वतःची ओळख व्हावी म्हणून हल्लीची मुलं हौसेने ज्या चाचण्या सोडवतात, त्या मुळात दुसऱ्यांनी आपल्याला पारखावं म्हणून जन्माला आल्या. गंमत आहे ना?

साल १९१७. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. तोफांच्या माऱ्याने धडधाकट सैनिकांचीही मनं कोलमडतात, हे तोवर युरोपात दिसलं होतं. असे जवान भरतीच्या वेळीच ओळखता यावेत म्हणून रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक प्रश्नावली केली. प्रश्न साधे, उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. ती नीट वापरात येण्याआधीच युद्ध संपलं! पण माणसाचा स्वभाव कागदावर तपासायची रीत मागे राहिली.

१९२१ मध्ये कार्ल युंग यांचं माणसांच्या प्रकारांवरचं पुस्तक आलं. अंतर्मुख आणि बहिर्मुख या कल्पना त्यातूनच रूढ झाल्या. दोन वर्षांनी ते इंग्रजीत आलं आणि अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज बाईंनी त्याचा ध्यासच घेतला. पुढे त्यांची लेक इझाबेल मायर्स हिने हे काम हाती घेतलं. दोघींपैकी कुणीच मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, बायका कारखान्यांत कामाला लागल्या. कुणाला कोणतं काम मानवेल हे कळावं, म्हणून इझाबेलने प्रश्न रचायला घेतले. त्यातून माणसांचे १६ प्रकार सांगणारी ‘मायर्स-ब्रिग्ज’ चाचणी तयार झाली. चार अक्षरांत स्वभाव सांगतात, ती हीच.

आता मला सगळ्यात आवडलेली हकीकत. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली. आठवड्याभराने प्रत्येकाला त्याच्या नावाचा निकाल दिला आणि विचारलं, हे वर्णन किती जुळतं? पाचपैकी गुण द्या. सरासरी आली ४.२६! मग उलगडा झाला. सगळ्यांना शब्दशः एकच कागद दिला होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं फोररने बाजारात मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं वाटतं, अंगात पुष्कळ गुण आहेत पण वापरले जात नाहीत... अशा धर्तीचा मजकूर. सांगा, कुणाला लागू पडणार नाही? आमच्या प्रगतिपुस्तकातला ‘हुशार आहे, आणखी प्रयत्न हवेत’ हा शेरा त्याच जातीचा.

सोळा प्रकारांची अडचण आणखी वेगळी आहे. समजा, वर्गातल्या मुलांचे पाच फुटांवर रेघ मारून ‘उंच’ आणि ‘बुटके’ असे दोनच गट केले. रेघेच्या आसपासच्या मुलांचं काय? ती आज इकडे, उद्या तिकडे. स्वभावाचंही तसंच असतं. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला निघतो.

हे सगळं सांगायचं कारण, नात्यातल्या एका मुलीने मध्यंतरी वक्तृत्व स्पर्धेतून नाव काढून घेतलं. का? तर चाचणीत ती अंतर्मुख निघाली म्हणे! इतकी वर्षं शिकवताना मी कितीतरी अबोल मुलं व्यासपीठावर उभी राहून सभा गाजवताना पाहिली आहेत. पोरीने स्वतःच दिलेली उत्तरं चाचणीने फक्त गोळा करून तिला परत केली होती. पण छापील दिसलं की आपल्याच म्हणण्याला हुकमाचं वजन येतं, आणि मग माणूस त्या चौकटीत बसायला लागतो.

म्हणून चाचण्या देऊच नयेत का? जरूर द्याव्यात. रोजच्या धबडग्यात ‘मला रागावर ताबा ठेवता येतो का’ हे आपण स्वतःला कधी विचारतो? माझ्या मते त्यातले प्रश्न निकालापेक्षा मोलाचे आहेत. निकाल आलाच, तर हे वर्णन शेजाऱ्यालाही लागू पडेल का, एवढं पाहावं. आणि तोच कागद घरातल्या माणसापुढे ठेवून म्हणावं, आता माझ्याबद्दलची उत्तरं तू लिही. दोन कागदांत जिथे तफावत पडेल, तिथे थोडं थांबावं. स्वतःबद्दल शिकण्यासारखं काही असलं, तर बहुधा तिथेच सापडतं.