विहिरीआधीचा विजेचा धडा

विजेचे शिक्षण फळ्यावरून हातात आले, त्या वाटेवरचे एक गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातील पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. पदवीवर्गातही क्वचितच दिसणारे काम तेथे खेड्यातील मुले करू लागली : भूरोधमापकाने पाणी शोधणे. चार खुंट्या एका रेषेत रोवायच्या, बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोहोंमधील विभवांतर मोजायचे. खुंट्यांमधले अंतर वाढवले की अधिक खोलचे थर कळतात. ओहमच्या नियमावर शेतकऱ्याचे विहिरीचे पैसे अवलंबून!

आपल्या जळगाव जामोदकडे मात्र जपून. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात खारे पाणी वीज सहज वाहू देते. रोध कमी म्हणजे गोडे पाणी नव्हे. म्हणून आम्ही सुचवतो, आधी माहीतगार खाऱ्या विहिरीजवळ मोजावे, मग नव्या जागी.