शांता आपटे : गाणे, अभिनय आणि कामाचे मोल

मराठी बोलपटाच्या पहिल्या दशकातील अभिनेत्रींचा विचार करू लागले की दुर्गाबाई खोटे यांच्या बरोबरीने शांता आपटे यांचे नाव पुढे येते. गायिका म्हणून त्यांची कीर्ती मोठी. ‘कुंकू’ची नायिका म्हणून ती त्याहून मोठी. मात्र जुलै १९३९ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीच्या फाटकापाशी त्यांनी केलेले उपोषण आणि पुढील वर्षी मुंबईस प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक, या दोन गोष्टींचा उल्लेख बहुधा एका तापट नटीच्या लहरी म्हणून केला जातो. वस्तुतः त्या वगळल्या तर शांताबाईंच्या कारकिर्दीचा अर्थच हाती लागत नाही.

शांताबाई मूळच्या दुधनीच्या. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील, अक्कलकोटजवळचे हे गाव म्हणजे मराठी आणि कानडी या दोन भाषांच्या शिवेवरचा मुलूख. वडील रेल्वेच्या नोकरीत, गाण्याचे शौकीन. गणेशोत्सवात आणि शाळेत भजने म्हणणाऱ्या या मुलीला पुढे पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात रीतसर तालीम मिळाली. चित्रपटसृष्टीतील त्यांचा सारा व्यवहार पहिल्यापासून थोरले बंधू बाबूराव आपटे पाहत असत. १९३२ साली भालजी पेंढारकरांनी ‘श्यामसुंदर’मध्ये त्यांना राधेची भूमिका दिली, कृष्ण होते शाहू मोडक. मुंबईत हा बोलपट पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. बोलपट नुकताच जन्मास आलेला असताना हे यश असामान्यच होते.

त्यांच्या कलेला खरा विस्तार मिळाला तो प्रभातमध्ये. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली आणि नव्या स्टुडिओत ‘अमृतमंथन’ (१९३४) हा बोलपट तयार झाला. ना. ह. आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीचा त्याला आधार होता. या चित्रपटातील गाण्यांनी शांताबाईंचे नाव हिंदी मुलखातही दुमदुमले. ‘अमरज्योती’मध्ये (१९३६) दुर्गाबाईंच्या करारी सौदामिनीसमोर त्या उभ्या राहिल्या आणि ‘गोपाळकृष्ण’मध्ये (१९३८) बालकृष्णाच्या भूमिकेतील राम मराठे यांच्यासह त्यांनी राधा रंगविली.

त्यांच्या गाण्याचे वैशिष्ट्य केवळ आवाजात नव्हते. त्या काळी पडद्यावर गाणे म्हणजे बहुधा एका जागी स्थिर राहून म्हटलेले पद असे. रंगभूमीची ती सवय बोलपटाने जशीच्या तशी उचलली होती. शांताबाई गाताना डोळे, मान, हात यांनी बोलत. गाणे सुरू झाले म्हणून पात्र थांबले, असे त्यांच्या बाबतीत होत नसे. अभिनय आणि गायन यांमधील सांधा त्यांनी बुजविला, असे म्हणावयास हरकत नाही.

या गुणाचा परमोत्कर्ष ‘कुंकू’मध्ये (१९३७) झाला. ना. ह. आपटे यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो मराठीत आणि ‘दुनिया न माने’ या नावाने हिंदीत काढला. पोरकी निर्मला मामाच्या घरी वाढते आणि तिला फसवून, बापाच्या वयाच्या विधुर वकिलाशी तिचे लग्न लावले जाते. कथा येथवर नवी नाही. शारदेच्या दुःखावर मराठी रंगभूमीने यापूर्वीच अश्रू ढाळले होते. नवे होते ते निर्मलेचे वागणे. ती घर सोडून जात नाही, जीवही देत नाही. त्याच घरात राहून हे लग्न आपल्याला मान्य नाही, एवढे ती रोज, शांतपणे आणि ठामपणे दाखवून देते. उद्धटपणा करणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. केशवराव दाते यांनी वठविलेले काकासाहेब हे दुष्ट नाहीत. हळूहळू स्वतःचा अपराध उमगणारे ते एक दुबळे गृहस्थ आहेत. त्यामुळे निर्मलेचा नकार कोणा एका खलपुरुषाविरुद्ध न राहता रूढीविरुद्धचा ठरतो. वाद्यवृंदाच्या पार्श्वसंगीताला या चित्रपटात फाटा देऊन घरातील आणि रस्त्यावरील साध्या आवाजांचा उपयोग केला होता. अशा मोकळ्या, उघड्या अवकाशात शांताबाईंचा आवाज अधिकच धारदार भासतो. लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही त्यांनी या चित्रपटात गायिली. शिकलेल्या तरुण वर्गाला या नायिकेत आपली प्रतिमा दिसली असल्यास नवल नाही.

‘कुंकू’ प्रदर्शित होऊन दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच प्रत्यक्ष जीवनातील नकाराचा प्रसंग उद्भवला. त्या काळच्या स्टुडिओ पद्धतीत नटनटी महिन्याच्या पगारावर असत. करार चालू असेतो त्यांनी कधी काम करावयाचे, कोणती भूमिका घ्यावयाची, अन्यत्र जावयाचे की नाही, हे कंपनी ठरवी. या पद्धतीचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. प्रभातने आपल्या कलावंतांना शिस्त, स्थैर्य आणि उत्तम दिग्दर्शन दिले आणि त्या शिस्तीतूनच तिचे श्रेष्ठ चित्रपट निर्माण झाले. परंतु पडद्यावर जिचे नाव पाहून लोक तिकीट काढीत, तिला आपल्या वेळेवर आणि श्रमांवर काय अधिकार, हा प्रश्न त्या व्यवस्थेत अनुत्तरित होता. करार व वेतन यांवरून शांताबाईंचा कंपनीशी वाद झाला आणि जुलै १९३९ मध्ये त्यांनी स्टुडिओच्या फाटकापाशी पहारेकऱ्याच्या बाकावर ठाण मांडून उपोषण आरंभिले.

हा काळ ध्यानात घेतला पाहिजे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गांधीजींचे राजकोटचे उपोषण झाले होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी मोठा संप केला होता. उपोषण हे देशसेवकाचे आणि संप हे गिरणीकामगाराचे शस्त्र, अशी वाटणी लोकांच्या मनात पक्की होती. रेशमी वस्त्रांत वावरणारी, हजारोंनी ओळखलेली नटी यांपैकी कोठे बसते? त्यामुळे वृत्तपत्रांनी या घटनेकडे बव्हंशी गंमत म्हणून पाहिले. उपोषण थोड्याच अवधीत संपले. प्रभातच्या चित्रपटात मात्र शांताबाई पुन्हा दिसल्या नाहीत. पडद्यावरच्या काकासाहेबांना पश्चात्ताप झाला होता. करारपत्राच्या जगात तशी सोय नव्हती.

या अनुभवाच्या पाठोपाठ, १९४० मध्ये, ‘जाऊ मी सिनेमांत?’ प्रसिद्ध झाले. मराठीत चित्रपट अभिनेत्रींच्या आत्मकथनांची एक संपन्न परंपरा आहे. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’, लीला चिटणीस यांचे ‘चंदेरी दुनियेत’, दुर्गाबाईंचे ‘मी, दुर्गा खोटे’ ही पुस्तके ग्रंथालयांतून आजही आवर्जून मागितली जातात. पण ती सारी १९७० व त्यानंतरची, कारकिर्दीच्या उतरणीवरून मागे वळून पाहणारी. शांताबाईंचे पुस्तक त्यांच्या कित्येक दशके आधीचे, ऐन उमेदीत लिहिलेले. आणि ते आत्मचरित्र नव्हे. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या तरुणांसमोर या धंद्याचे वास्तव मांडणे, हा त्याचा हेतू. भांडवल कोणाचे, कष्ट कोणाचे, नफा कोणाकडे जातो, नटाचे शरीर आणि त्याची शक्ती यांची झीज कशी होते, या अंगाने त्यांनी चित्रपटाकडे पाहिले. अभिनय ही कला खरीच, पण ते एक कामही आहे आणि करणारा श्रमिक आहे, ही जाणीव त्या काळच्या चित्रपटविषयक लेखनात क्वचितच आढळते. अलीकडच्या अभ्यासकांनी या पुस्तकाकडे पुन्हा लक्ष वळविले आहे, ते याच कारणाने.

पुढील आयुष्यात शांताबाईंनी कोणत्याही एका कंपनीशी स्वतःला बांधून घेतले नाही. ‘सावित्री’ (१९४१) या तमिळ बोलपटासाठी त्या तमिळ भाषा शिकल्या. त्यात नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केली होती. लाहोरच्या पांचोली कंपनीच्या ‘जमीनदार’मध्ये (१९४२) गुलाम हैदर यांच्या संगीतावर त्या गायिल्या. मद्रास, लाहोर, मुंबई असा हा संचार त्या काळच्या मराठी अभिनेत्रीला सुलभ नव्हता. मात्र याच सुमारास पार्श्वगायनाचा प्रघात रूढ होऊ लागला. मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’मध्ये (१९४६) शांताबाईंसमवेत एका तरुण मुलीचा आवाज ऐकू येतो. तो लता मंगेशकर यांचा. गाणारी एक आणि दिसणारी दुसरी, अशी नवी व्यवस्था आली आणि गायन व अभिनय यांचा जो मिलाफ ही शांताबाईंची खरी मिळकत होती, त्याची गरजच ओसरली. नंतरच्या भूमिका संख्येने थोड्या नव्हत्या, पण ‘कुंकू’च्या तोडीचे काही पुन्हा हाती आले नाही. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरी येथे त्यांचे निधन झाले.

तत्पूर्वी प्रभातचे पर्व संपले होते आणि १९६० साली त्याच आवारात सरकारी चित्रपटसंस्था सुरू झाली होती. ज्या फाटकाशी एक अभिनेत्री आपल्या कामाचे मोल मागत बसली होती, त्याच फाटकातून पुढे नव्या पिढ्या चित्रपट हा व्यवसाय म्हणून शिकण्यासाठी जाऊ लागल्या. शांताबाईंचा आवाज ध्वनिमुद्रिकांनी राखला, त्यांची निर्मला चित्रफितीने राखली. त्यांचा विचार मात्र त्या एका लहानशा पुस्तकात आहे, आणि तो राखण्याचे काम ग्रंथालयांचे आहे. त्याच्या शीर्षकातील प्रश्नचिन्ह अजून पुसले गेलेले नाही.