तळेगावची काच आणि चौसष्ट पैशांचा रुपया

आज तळेगाव दाभाडे म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते चाकणकडे वळणारे कंटेनर आणि औद्योगिक वसाहत. २०२० पर्यंत येथे चाललेला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला होता. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १९०८ मध्ये, याच गावात एक काच कारखाना सुरू झाला होता. त्याचे भांडवल कोणा शेठजीचे नव्हते, सरकारचेही नव्हते. ते लोकांकडून पैसा-पैसा करून जमवलेले होते. आणि तो उभारण्यामागचा पहिला हेतू नफा नव्हता, हातात कसब नसलेल्या मुलांना कारागीर करणे हा होता. हा धागा त्या कारखान्याविषयी.

सुरुवात हिशेबापासून करू. त्या काळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाकाठी फक्त एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभे करावेत. एक लाख माणसांनी एकेक पैसा दिला तर जमतात १,५६२ रुपये ८ आणे. आकडा फार मोठा नाही. पण त्यासाठी एक लाख माणसांपर्यंत पोहोचावे लागते, आणि काळे यांचे खरे काम तेच होते. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून या पैसा फंडाला पाठबळ दिले. ज्याच्याजवळ शेअर घेण्याइतके पैसे कधीच असणार नव्हते, अशा माणसालाही या कारखान्यात वाटा मिळाला.

मग काचच का निवडली? दिव्याच्या काचा, बाटल्या, बांगड्या, पेले यांतले पुष्कळसे तेव्हा ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम अशा देशांतून येत असे. वाळू, सोडा, चुना ही काही दुर्मिळ द्रव्ये नव्हेत. अडत होते ते कसबावर. पारंपरिक भट्ट्यांवर बांगड्या करणारे कारागीर हिंदुस्थानात होते, पण ती विद्या घराण्यातून घराण्यात जाई. नव्या धर्तीच्या कारखान्यांना परदेशी तज्ज्ञ आणावे लागत आणि ते परतले की भट्टी थंडावे. म्हणजे उणीव यंत्रांची कमी, शिकवणाऱ्याची अधिक होती.

तळेगावला तो शिकवणारा मिळाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तरेकडचे गृहस्थ जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आले होते. मराठी मुलखातील पैशांवर उभ्या राहिलेल्या कारखान्यात त्यांनी ती शिकवायला घेतली. ‘स्वदेशी’ या शब्दातला देश केवढा मोठा होता, हे या एका नेमणुकीवरून दिसते.

काचकाम पुस्तकातून शिकता येत नाही, हे येथे समजून घेतले पाहिजे. वितळलेला रस फुंकनळीच्या टोकावर किती घ्यायचा, नळी सतत कशी फिरवायची, श्वास केव्हा सोडायचा आणि केव्हा आवरायचा, हे सारे काही क्षणांत ठरते, कारण रस तेवढ्यात घट्ट होऊ लागतो. तयार झालेली वस्तू एकदम गार झाली तर तडकते, म्हणून तिला वेगळ्या भट्टीत सावकाश निववावे लागते. अशा धंद्यात नवखा मुलगा आधी तयार माल उचलून नेतो, मग नळीवर रस घ्यायला शिकतो आणि पुष्कळ दिवसांनी त्याला फुंकायला मिळते. या सबंध काळात एक जाणता माणूस त्याच्या शेजारी उभा लागतो. आज ज्याला ‘मेंटॉर’ म्हणतात, त्याचे काम भट्टीच्या धगीत उभे राहून करावे लागे.

अर्थात भट्टीजवळ मुले हे चित्र नुसते कौतुकाने पाहण्यासारखे नाही. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानुसार नऊ वर्षांच्या मुलाला कारखान्यात ठेवता येत असे. ती मर्यादा १९२२ मध्ये बारावर गेली. पोरांचे हात स्वस्त म्हणून वापरणारे धंदे तेव्हा पुष्कळ होते. उमेदवार आणि बालमजूर यांतली रेघ बारीकच आहे. मुलगा उद्या स्वतः कारागीर व्हावा असे मालकाला वाटते की नाही, यावर ती ठरते. पैसा फंडाला तसे वाटत होते, कारण त्याचे मूळ प्रयोजनच ते होते.

त्याच तळेगावात त्याच सुमारास आणखी एक प्रयोग चालू होता. विष्णु गोविंद तथा अण्णासाहेब विजापूरकर यांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात काढलेले समर्थ विद्यालय पुढे येथे आले. सरकारी अनुदानावाचून आणि सरकारी नोकरीकडे डोळे न लावता मुलांना घडवणे हे त्याचे उद्दिष्ट होते. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ‘विश्ववृत्त’ मासिकातील सातवळेकरांच्या एका लेखापायी विजापूरकरांनाही तुरुंगात जावे लागले. १९१० मध्ये सरकारने विद्यालयच बंद पाडले.

विद्यालय मोडले, कारखाना मात्र टिकला. यात योगायोगाचा भाग असेल, पण साम्राज्याची नजर कशी चालत होती तेही यात दिसते. वर्गात इतिहास शिकणारा मुलगा तिला धोकादायक वाटला. वास्तविक विलायती बाजाराला भट्टीवरचा मुलगा काही कमी धोकादायक नव्हता. (विजापूरकर सुटून आल्यावर स्वस्थ बसले नाहीत. नवीन समर्थ विद्यालयाच्या रूपाने ते काम तळेगावात पुन्हा उभे राहिले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले.)

कारखान्याची कसोटी लागली ती १९१४ साली. महायुद्ध पेटले, जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा माल थांबला. जपानी मालाने बाजाराचा मोठा हिस्सा घेतला, तरीही देशात ठिकठिकाणी नव्या काचभट्ट्या पेटू लागल्या. १९१६ मध्ये औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. ‘प्रभाकर’ कंदिलाने पुढे त्याचे नाव घराघरांत नेले. भांडवल उभे करणे त्या दिवसांत सोपे होते, भट्टीवर उभी राहणारी माणसे मिळणे अवघड. तेव्हा देशातील अनेक कारखान्यांनी तळेगावात तयार झालेले हात बोलावून घेतले.

निव्वळ धंद्याच्या हिशेबाने पाहिले तर हा तोटाच. वर्षानुवर्षे शिकवून तयार केलेला कारागीर दुसऱ्याच्या भट्टीवर जातो, आणि ती भट्टी उद्या आपल्याच मालाशी स्पर्धा करते. शिकवणाऱ्यांत खुद्द वार्ष्णेय हेही तळेगाव सोडून गेले. संयुक्त प्रांतात बहजोई येथे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला, आणि खिडकीला लागते ती सपाट काच हिंदुस्थानात प्रथम तेथे तयार झाली.