मातीच्या नळीचा माग

भिंतीवरून चढत गेलेली, शिसपेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसली की आपण आधी झाडू शोधतो. रेघ झाडून टाकायची, वर थोडे रॉकेल शिंपडायचे, की वाळवी गेली असे वाटते. थोड्याच दिवसांत रेघ पुन्हा उभी राहते. कधी त्याच जागी, कधी हातभर अंतरावर. असे का होते हे कळायला विज्ञानाला बराच काळ लागला. कळल्यावरही काही दशके आपण ते ज्ञान बाजूला ठेवले, आणि इतिहासाचा तो भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

वाळवीचा पद्धतशीर अभ्यास अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. लिनियसचा शिष्य योहान केनिग याने आजच्या तमिळनाडूतील तरंगंबाडी येथे राहून वाळवीचे निरीक्षण केले. त्याचे लेखन १७७९ साली प्रसिद्ध झाले. पाठोपाठ १७८१ साली हेन्री स्मीथमन याने पश्चिम आफ्रिकेतील वारुळांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. राजा, राणी, कामकरी आणि सैनिक अशी या वसाहतीची रचना त्यातून युरोपला कळली. वाळवीला तेव्हा 'पांढरी मुंगी' म्हणत. हे नाव फसवे आहे. वाळवीचे नाते मुंगीशी नसून झुरळाशी आहे, आणि २००७ साली जनुकीय पुराव्यांनी ते आणखी पक्के केले. मात्र घरमालकाच्या दृष्टीने स्मीथमनच्या वर्णनातली मोलाची गोष्ट वेगळीच होती. भिंतीवर दिसतात ते केवळ अन्नाच्या शोधात निघालेले कामकरी. अंडी घालणारी राणी दूर, मातीत सुरक्षित असते. हजार कामकरी मेले तरी वसाहतीला त्याची फारशी झळ पोचत नाही.

एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर वाळवीही हिंडू लागली. १८४०च्या सुमारास सेंट हेलेना बेटावर गुलामांच्या व्यापारातील एक जहाज मोडून त्याचे लाकूड उतरवले गेले. त्या लाकडातून आलेल्या वाळवीने पुढच्या दोन-तीन दशकांत जेम्सटाउन गाव असे पोखरले की कित्येक इमारती पुन्हा बांधाव्या लागल्या. फ्रान्समधील ला रोशेल बंदरात सरकारी दप्तरखान्याचे कागद आतून फस्त झाले, बाहेरून मात्र गठ्ठे शाबूत दिसत होते. कात्रफाज या प्राणिशास्त्रज्ञाने १८५०च्या दशकात तेथे क्लोरीन वायूचे प्रयोग केले. पण बोगद्यांचे जाळे मातीत कुठवर गेले आहे हेच ठाऊक नसेल, तर वायू सोडायचा कुठे?

लाकूड पचते कसे, या प्रश्नाचे उत्तर १९२०च्या दशकात लेम्युएल क्लीव्हलँड या अमेरिकी संशोधकाने दिले. वाळवीच्या आतड्यात असंख्य एकपेशीय जीव असतात. दाबाखालच्या ऑक्सिजनने त्याने हे जीव मारले आणि वाळवी जिवंत ठेवली. ती लाकूड खातच राहिली, पण काही आठवड्यांत उपासमारीने मेली. ते जीव पुन्हा मिळाले की ती जगत असे. सहजीवन शिकवताना याहून स्वच्छ प्रयोग क्वचितच सापडेल. आपल्याकडे वारुळे बांधणाऱ्या ओडोंटोटर्मिस वाळवीत मात्र असे जीव नसतात. ती वारुळात बुरशीची शेती करते. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवर उगवणारी, लोक आवडीने खातात ती अळंबी या शेतीतलीच.

दरम्यान कॅलिफोर्नियात १९२८ साली चार्ल्स कोफॉइड या प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली वाळवीच्या अभ्यासासाठी एक समिती काम करू लागली. तिचा ग्रंथ १९३४ साली निघाला. लाकूड आणि माती यांचा संबंध तोडा, ओल घालवा, हा त्यातील सल्ल्याचा गाभा. वाळवीचे अंग मऊ असते आणि उघड्या हवेत ते लवकर सुकते. मातीची नळी म्हणजे जमिनीतली ओल बरोबर नेण्याची तिची सोय. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त भूजलाच्या खुणांमध्ये वारुळाची गणना केली होती, हे या संदर्भात आठवण्याजोगे आहे.

हा सल्ला मागे पडला तो महायुद्धानंतर. १९४०च्या दशकाच्या अखेरीस क्लोरडेन बाजारात आले, मग आल्ड्रिन, डिल्ड्रिन, हेप्टाक्लोर. घराभोवतीच्या मातीत एकदा द्रावण ओतले की काम झाले. अमेरिकी वनखात्याच्या मिसिसिपीतील चाचण्यांत काही जागी त्यांचा परिणाम तीस वर्षांहून अधिक टिकला. लाकूड जमिनीला टेकले आहे का, नळ गळतो आहे का, हे पाहण्याची गरजच कोणाला वाटेना. पण जे रसायन मातीत तीस वर्षे विघटित होत नाही, ते शरीरातही सहजी विघटित होत नाही. घरांतील हवेत, माणसाच्या चरबीत आणि आईच्या दुधात त्याचे अंश सापडू लागले. गुणाची जी बाजू जाहिरातीत होती, तीच दोषाची ठरली. अमेरिकेत क्लोरडेनची विक्री १९८८ साली थांबली. भारतात आल्ड्रिन, क्लोरडेन आणि हेप्टाक्लोरवर १९९६ साली बंदी आली. तोवर आपल्या बांधकामांच्या मानक संहितेतही ती सुचवलेली होती. त्यांच्या जागी आलेल्या लिंडेनचा वापरही २०१३ साली बंद झाला.

पर्यायांसाठी संशोधक पुन्हा वाळवीकडे वळले. एबेलिंग आणि पेन्स यांनी १९५७ सालीच दाखवले होते की ठरावीक आकाराच्या वाळूचा थर वाळवीला ओलांडता येत नाही: कण जबड्यात धरून हलवायला मोठे, आणि दोन कणांमधली फट अंगाला अपुरी. हवाईत १९८०च्या दशकात सुमारे २ मिलिमीटर आकाराची बेसॉल्टची खडी पायाखाली याच कामासाठी वापरात आली. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा दगडच. मात्र कणांचा आकार त्या त्या जातीच्या वाळवीवरून ठरवावा लागतो. दुसरा मार्ग आमिषाचा. फ्लोरिडातील नान-याओ सू यांच्या संशोधनातून १९९५ साली हेक्झाफ्लुम्युरॉन घातलेले आमिष बाजारात आले. हे द्रव्य कायटिन तयार होऊ देत नाही, त्यामुळे कात टाकताना कामकरी मरतात. ते सावकाश काम करते म्हणूनच उपयोगी पडते. मरण्यापूर्वी कामकरी तोंडातून तोंडात अन्न भरवत ते साऱ्या वसाहतीत पोचवतात. वाळवीच्या समाजजीवनाचाच असा उपयोग झाल्याने मातीत शेकडो लिटर विष ओतावे लागत नाही.

आपल्याकडे आज बहुधा जोत्याजवळ भोके पाडून इमिडाक्लोप्रिडसारखे द्रव्य सोडतात. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, आणि जवळ विहीर असेल तर आधी सांगावे. पण त्याआधी कॅलिफोर्नियाच्या समितीचा जुना सल्ला अमलात आणायला पैसे लागत नाहीत. सरपण आणि जुन्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. वर्गातील कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे, म्हणजे मागे काय चालले आहे ते दिसते. आणि नळी दिसली तर झाडू बाजूला ठेवून मधला बोटभर तुकडा तेवढा काढावा, भिंतीवर तारीख लिहावी आणि दोन-तीन दिवसांनी पाहावे. तुकडा ओल्या मातीने सांधला गेला असेल तर वाळवी अजून ये-जा करते आहे. मग नळीचा माग वर नव्हे, खाली काढत जावा. जमिनीतून ती जेथे बाहेर पडते, उपाय तेथेच करायचा असतो.