फारसीचा प्रेमी आणि हद्दपार शब्द

१९३६ सालीं जळगांवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माधव जूलियन, म्हणजे प्रा. माधव त्र्यंबक पटवर्धन, हे होते. १३८२ पासून १६०१ पर्यंत फारुकी सुलतानांच्या अमलाखालीं ज्या खानदेशांत दरबारीं फारसी चालली, तेथेंच फारसीच्या या अध्यापकाला मराठीच्या वतीनें बोलण्याचा मान मिळाला. पटवर्धनांचें इराणशीं नातें केवळ रसिकतेचें. त्यांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश दिला, उमर खय्यामच्या रुबाया मराठींत आणल्या, गज्जल रुजविली. आणि हेच गृहस्थ पुढें भाषाशुद्धीचे कैवारी होऊन १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिते झाले! परक्या वाङ्मयावर प्रेम करावें, पण आपली भाषा स्वत्वानें उभी राहावी, ही त्यांची तळमळ आदरणीयच होय. परंतु शतकानुशतकें येथें नांदलेल्या शब्दांना परत जावयास घर कोठें आहे? जळगांव-धुळ्याचा शेतकरी 'जमीन' आणि 'बाजार' यांना पाहुणे समजत नाहीं. फार काय, 'हद्दपार' या शब्दांतील 'हद्द'हि फारसीच्याच वाटेनें आली! शब्दांना हांकलूं पाहणाऱ्यालाहि त्यांचाच आधार घ्यावा लागतो. ते शब्द राहिले. आणि पटवर्धनांनीं प्रेमानें आणलेली गज्जलहि त्यांच्या शेजारींच राहिली.