भुतांचा हजेरीपट

लिनक्समध्ये पडद्यामागे गुपचूप काम करणाऱ्या प्रोग्रामला 'डीमन' म्हणतात. हा शब्द १९६३च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रुळला. मॅक्सवेलने कल्पिलेल्या, न थकता रेणू निवडत बसणाऱ्या डीमनवरून तो घेतला होता. पण यातलं कोणतं भूत जागं आहे, हे वापरणाऱ्याला कळणार कसं?

नव्वदच्या दशकात बहुतेक लिनक्समध्ये 'सिस्टम फाइव्ह' पद्धत असायची. मशीन चालू होताना एका फोल्डरमधल्या फाइली ओळीने चालायच्या. नाव 'एस'ने सुरू झालं तर सेवा सुरू करायची, 'के'ने झालं तर बंद. पुढचे दोन आकडे म्हणजे रांगेतला नंबर. नवख्याला हे झेपणं अवघडच. म्हणून रेड हॅटने 'एनटीसिसव्ही' दिलं: सेवांची यादी आणि प्रत्येकीपुढे खुणेची चौकट. केडीईच्या 'केसिसव्ही'त तर सेवा माउसने ओढून यादीत टाकता यायच्या.

ही नुसती सोय नव्हती. जानेवारी २००१मध्ये 'रामेन' नावाचा वर्म पसरला. रेड हॅट ६.२ आणि ७.०मधल्या एफटीपी, एनएफएस आणि प्रिंटिंगच्या सेवांमधल्या त्रुटींतून तो आत शिरायचा. ज्याला त्या सेवांची गरजच नव्हती, त्याने त्या बंद ठेवल्या असत्या तर ही दारं उघडी राहिली नसती.

मात्र खूण काढणं म्हणजे फक्त 'पुढच्या वेळी उठू नकोस' असं सांगणं. आत्ता जागी असलेली सेवा जागीच राहायची. ती खरंच चालू आहे का, याचं उत्तर प्रत्येक स्क्रिप्ट आपापल्या पद्धतीने द्यायची; खिडकी बिचारी त्यावर विसंबून.

एप्रिल २०१०मध्ये लेनार्ट पोटरिंगने 'सिस्टमडी' मांडलं. मे २०११च्या फेडोरा १५मध्ये ते आलं. आता सेवा सुरू करणारा आणि तिच्या प्रोसेस मोजणारा एकच. ब्राउझरमध्ये चालणारं 'कॉकपिट' त्यालाच विचारतं, म्हणून खात्रीने सांगतं.

पण सगळा हजेरीपट एकाच्याच हाती द्यायचा? यावर डेबियनमध्ये रण पेटलं. फेब्रुवारी २०१४मध्ये तांत्रिक समितीची मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी जिंकलं. नाराजांनी त्याच वर्षी 'डेव्हुआन' ही वेगळी चूल मांडली.

म्हणून पुढच्या वेळी अशी चौकट दिसली की दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: ही सेवा आत्ता चालू आहे का, आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर ती आपोआप उठेल का?